चैत्रातली सबील

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझं गाव धरणगाव. १८९० साली बालकवींचा जन्म आमच्या गावात झाला, हे तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत वाचलं असेल. श्रावणावरची त्यांची कविता महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांना पाठ आहे. आम्ही धरणगावकर त्यावर एक थट्टा नेहमी करतो. श्रावणाचं एवढं कौतुक वाटायला आधी आमचा वैशाख अंगावरून गेलेला असावा लागतो, असं आम्ही म्हणतो. थट्टेचा भाग सोडा. पण एप्रिल-मे महिन्यात दुपारी एकच्या सुमाराला आमच्या बाजारपेठेतून चक्कर मारली, तर दुकानांची शटरं अर्ध्यावर ओढलेली, माणसं आत पंख्याखाली आणि कुत्री गटारीच्या ओलाव्यात, असं दृश्य दिसतं. रस्त्यावर फक्त झळा नाचत असतात.

अशा दुपारी माणूस घराबाहेर पडत नाही. पडला तर डोक्याला रुमाल गुंडाळून, काम उरकून, भिंतीच्या कडेकडेने परत येतो. हे शहाणपण आमच्याकडे कोणी शिकवत नाही, ते आईच्या ओरडण्यातून येतं. पण याच खान्देशातून, याच चैत्रात, हजारो माणसं दोनशे-दोनशे किलोमीटर पायी चालायला निघतात. वणीच्या सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सव असतो, रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत. खान्देशातली माणसं गडाला माहेर मानतात आणि माहेरी चालत जातात. धरणगाव, एरंडोल, पारोळा, धुळे, मग आग्रा रोडने मालेगाव, पुढे देवळा, कळवण, नांदुरी आणि शेवटी गड. हातात झेंडा, मागे सामानाचा टेम्पो, स्पीकरवर देवीची गाणी. मला आज या उन्हात चालण्याविषयी बोलायचं आहे. उन्हात राबण्याविषयी बोलण्याचा अधिकार शेतमजुराचा, वीटभट्टीवरच्या माणसाचा. मी साधा मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. पण उन्हात चालताना काय होतं, ते मी एकदा फार जवळून पाहिलंय.

सन २००० ची गोष्ट. त्या वर्षी एक योग जुळून आला होता. आमचं मोहरम आणि चैत्र एकाच अमावस्येनंतरच्या चंद्राने सुरू झालं. इस्लामी वर्ष चंद्राचं, त्यात अधिक महिना नाही, त्यामुळे आमचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकत सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. साधारण तेहतीस वर्षांनी एक फेरी पूर्ण होते. तर २००० साली मोहरम पडलं ऐन एप्रिलमध्ये. मोहरमच्या दहा दिवसांत रस्त्यावर सबील लावायची आमच्याकडे पद्धत आहे. सबील म्हणजे पाणपोईच. करबलाच्या मैदानात इमाम हुसेन आणि त्यांच्या सोबतच्यांचं पाणी तोडलं गेलं, त्या तहानेची आठवण म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी, सरबत द्यायचं. कोण आहे, कुठला आहे हे विचारायचं नाही. आम्ही चार-पाच मित्रांनी एका झाडाखाली दोन टेबलं मांडून, चार माठ ठेवून सबील लावली होती. आणि त्याच दिवसांत वणीला जाणाऱ्या पदयात्रा सुरू झाल्या. आमच्या सबिलीवर पाणी प्यायली ती बहुतेक सगळी देवीची माणसं.

त्यातल्याच एका मंडळात माझा बालमित्र होता. शिंपीकाम करायचा, म्हणून आम्ही त्याला टेलर म्हणायचो. तो मला शायर म्हणायचा, अजून म्हणतो. त्याचं ते चालण्याचं तिसरं वर्ष होतं. मला म्हणाला, ‘‘शायर, नुसतं पाणी पाजून कविता होत नही भो, एक दिवस चाल आमच्यासंगे.’’ मला धुळ्यात एक काम होतंच. मी सकाळच्या एसटीने पारोळ्याला उतरलो आणि तिथून धुळ्यापर्यंत त्यांच्यासोबत चालायचं ठरवलं. पस्तीसेक किलोमीटरचा टप्पा.

पायी जाणाऱ्या मंडळांचा एक जुना नियम आहे. पहाटे तीन-चारला उठायचं, दहा-साडेदहापर्यंत चालायचं, मग एखादं मंदिर, मळा, शाळा बघून पडायचं आणि ऊन कललं की पुन्हा चालू लागायचं. नियम शहाण्या माणसांनी केलेला आहे. पण त्या दिवशी टेम्पो सुरू होईना. मेकॅनिक शोधण्यात, धक्के मारण्यात साडेसात वाजले. धुळ्याच्या अलीकडे एका भक्ताने सगळ्यांच्या जेवणाची सोय केली होती, तिथे वेळेत पोहोचायचं होतं. म्हणून दुपारचा मुक्काम रद्द झाला. ‘‘चला रे, आई बघून घेई,’’ असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे चालू लागले. उन्हातल्या बहुतेक दुर्घटनांची सुरुवात अशी उशिरा निघण्यात असते, असं मला आता वाटतं. ठरवून भर दुपारी कोणीच निघत नाही.

टेलरच्या खांद्यावर झेंडा होता. चैत्री नवरात्राचा उपास चालू होता. सकाळपासून दोन चहा, दोन केळी. पाणी विचारलं की म्हणायचा, सारखं प्यायलं तर पाय जड होतात. आणि झेंडा ज्याच्याकडे असतो त्याने सगळ्यांच्या पुढे राहायचं असतं, त्यामुळे तो चालत नव्हता, जवळजवळ पळतच होता. बाराच्या सुमाराला डांबर चपलेला चिकटायला लागलं. साडेबारा-एकला तो माझ्यावर विनाकारण खेकसला. मी विचारलं, ‘‘काय व्हई राह्यनं तुले?’’ तो म्हणाला, ‘‘तू कोण मला विचारणारा?’’ मला राग आला. मैत्रीत असं कोणी बोलतं का? मी मुद्दाम मागे राहिलो.

फागण्याच्या अलीकडे झेंडा डोलायला लागलेला मला मागून दिसला. मग टेलर रस्त्याच्या कडेला गेला, गुडघ्यावर बसला, अंग थरथरायला लागलं आणि तो काहीतरी असंबद्ध बोलू लागला. एक जण ओरडला, ‘‘अंगात आलं!’’ क्षणात सगळे गोळा झाले. जयजयकार सुरू झाला. ढोलकी वाजू लागली. कोणी कुंकू लावलं, कोणी लिंबू फिरवलं. दोन बायका पाया पडल्या. एका माणसाने त्याला आपल्या मुलीच्या लग्नाचं विचारलं. टेलर डोळे फिरवत जे बडबडत होता, त्याचा अर्थ लावणं चालू झालं.

मी गर्दीतून पुढे जाऊन त्याचा हात धरला. हात भाजत होता. ताप आलेल्या माणसाचा हात मी पूर्वी धरलेला होता, पण हे तसं नव्हतं. उन्हात ठेवलेल्या पितळी भांड्याला हात लावावा तसं वाटलं. आणि अंगाला घाम होता, भरपूर घाम. मला मनातून कळलं होतं, की हे ऊन आहे. पण मी बोललो नाही. त्या साठ-सत्तर माणसांत मी एकटा मुसलमान. त्यांच्या देवीचा झेंडा, त्यांची देवी, त्यांचा भक्त; आणि मी मध्येच उभा राहून सांगायचं, की ही देवी नाही? माझ्या तोंडून ते कसं ऐकलं जाईल, याचा हिशेब मी करत बसलो. शिवाय घाम येत होता ना? ऊन लागलं की घाम बंद होतो, कातडी कोरडी पडते, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. मग कदाचित ऊन नसेलही, अशी मी माझी समजूत घातली. दहा मिनिटं गेली असतील, कदाचित पंधरा. मी त्या वेळेचा हिशेब आजवर अनेकदा केला आहे आणि तो दर वेळी वेगळा येतो.

मंडळात एक म्हातारी होती. ती सगळ्यांच्या मागे, काठी टेकत, आपल्या चालीने चालत यायची. ती पोहोचली, गर्दी बाजूला सारून तिने टेलरच्या कपाळावर, मग मानेवर, मग छातीवर हात ठेवला आणि ओरडली, ‘‘देवी नही रे भो, ऊन शे हाई! पानी वता त्याना आंगवर!’’ तिच्या कपाळावर माझ्या हातातल्या वहीएवढं कुंकू होतं. तिला कोण अडवणार? टेम्पोतले दोन्ही ड्रम रिकामे झाले. तिने स्वतःचं लुगड्याचं जुनेर भिजवून त्याच्या अंगावर टाकलं आणि दोन पोरांना पुठ्ठ्याने वारा घालायला लावलं. एक एसटी थांबली. टेलरला धुळ्याला दवाखान्यात नेलं.

तो वाचला. तीन आठवड्यांनी घरी आला. पण त्याची जीभ थोडी जड झाली होती आणि हाताला कंप आला होता. हात नुसता मांडीवर असला की स्थिर असतो. काही उचलायला, काही नेमकं करायला गेला की थरथरतो. शिंप्याच्या हाताला असा कंप. कापड मोजता येतं, मशीनवर सरळ शिलाई मारता येते, पण सुईत दोरा ओवता येत नाही. काजं-बटणं त्याच्या बायकोने हाती घेतली. पुढे माझी मुलगी मोठी झाल्यावर शनिवारी त्याच्या दुकानात जाऊन आठवडाभराच्या सुया रंगवार ओवून ठेवायची, एका जुन्या उशीत टोचून.

माझा एक भाचा डॉक्टर आहे. त्याने मला हे सगळं पुढे कधीतरी नीट समजावलं, आणि ते मी जसं समजलो तसं सांगतो. शरीर आतून सदतीस अंशांच्या आसपास राहू पाहतं. चालताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा थोडाच भाग प्रत्यक्ष चालण्यात जातो; तीन-चतुर्थांशाच्या आसपास नुसती उष्णता होते. म्हणजे चालणारा माणूस ही एक चालती चूल असते. एरवी ही उष्णता कातडीवाटे हवेत जाते. पण हवा कातडीपेक्षा गरम झाली, की उलटा कारभार सुरू होतो. हवाच शरीराला तापवते. मग एकच वाट उरते, घाम वाळण्याची. उन्हात जोराने चालणाऱ्याचा तासाला लिटरभर, कधी त्याहूनही जास्त घाम जाऊ शकतो. आमच्या कोरड्या हवेत तो लगेच उडून जातो, त्यामुळे किती गेला ते कळतच नाही. सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग पडतात तेवढीच खूण. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्ताची ओढाताण होते. स्नायूंना हवं, कातडीला हवं, मेंदूलाही हवं. आतली उष्णता चाळीसच्या वर गेली आणि माणूस बरळायला लागला, चिडायला लागला, गोंधळला, तर तो उष्माघात समजायचा. घाम असो वा नसो. बसून-झोपून ऊन लागलेल्या म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी पडलेली असू शकते. पण चालता-चालता, पळता-पळता ज्याला ऊन लागतं तो घामाने भिजलेला असू शकतो. माझी त्या दिवशीची समजूत चुकीची होती. टेलरचं खेकसणंही स्वभावाचं नव्हतं. आजाराने पहिल्यांदा त्याच्या जिभेवर हात टाकला होता आणि मी रुसून मागे राहिलो.

भाच्याने आणखी एक सांगितलं. आधी गार करायचं, मग न्यायचं. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मिळेल त्या पाण्याने भिजवत राहा, वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा, जांघा इथे लावा. शक्य असेल तर हौदात, टाकीत गळ्यापर्यंत बसवा, डोकं धरून. गाडीतही भिजवणं चालू ठेवा. पहिला अर्धा तास फार मोलाचा. तापाची गोळी इथे काही कामाची नाही. आणि शुद्ध हरपत असेल, बरळत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. त्या निरक्षर म्हातारीने त्या दिवशी केलं ते जवळपास हेच होतं.

मी भाच्याला विचारलं, दहा मिनिटं आधी पाणी ओतलं असतं तर? तो म्हणाला, ‘‘मामू, ते कोणीही सांगू शकत नाही.’’

वर्तमानपत्रात आपण आकडा वाचतो, जळगाव ४४, धुळे ४३. हा आकडा सावलीतला असतो. जमिनीपासून चार फूट उंचीवर, जाळीदार झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा. डांबरी रस्त्यावर उन्हात चालणाऱ्याच्या पायाखालची उष्णता साठच्या वरही जाते. भारतातला आजवरचा सर्वांत मोठा अधिकृत आकडा राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ रोजी ५१ अंश. खान्देशी माणूस हे वाचून म्हणतो, आपण काही कमी नाही. उन्हाचा आम्हाला एक वेडा अभिमान आहे. ३८ म्हटलं की आम्ही हसतो, ‘‘हाई ते हिवाळा शे.’’ पण १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरला, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर १४ माणसं उष्माघाताने गेली, तेव्हा तिथला पारा ३८ च्याच आसपास होता. समुद्राकाठची दमट हवा. घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि न वाळलेला घाम शरीराला गार करत नाही. ते रमजानचे दिवस होते. संध्याकाळी इफ्तार करून टीव्ही लावला तर ही बातमी. पाण्याचा पेला हातात तसाच राहिला.

पुढच्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, हजची बातमी आली. मक्केत मशिदीच्या आवारात पारा ५१.८ पर्यंत गेला होता. सौदी सरकारनेच नंतर आकडा जाहीर केला, १,३०१ मृत्यू. त्यातले ८३ टक्के लोक परवान्याशिवाय आलेले. परवाना नाही म्हणजे थंड तंबू नाहीत, बस नाही. भर उन्हात मैलोन्‌मैल पायी. बरेचसे वयस्कर, आजारी. आयुष्यभर पै-पै जमवून गेलेली माणसं. ती बातमी वाचताना मला फागण्याजवळचा रस्ता दिसत होता. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा एक वाक्य ऐकू यायचं, ‘‘पाक जगह पर मौत आयी, नसीबवाले थे.’’ मरणाऱ्यांच्या घरच्यांना त्या वाक्याने दिलासा मिळतो, म्हणून मी ते खोडत नाही. पण त्या दिवशी चहाच्या टपरीवर मी म्हणालो, की बसची सोय असती तर यातले कितीतरी नसीबवाले घरी येऊन खजूर वाटत बसले असते. एक-दोघांना ते आवडलं नाही. आपल्या माणसांत बोलणंही सोपं नसतंच, हे तेव्हा कळलं.

माझी अम्मी शाळेत गेलेली नव्हती, पण रोजाबद्दल तिचं ज्ञान पक्कं होतं. आजारी आणि मुसाफिर यांना रोजा सोडायची सवलत आहे, नंतर भरून काढायचा. २०१८ चा रमजान मे-जूनच्या मध्यात आला होता, ऐन आगीत. मला एका कवितावाचनासाठी भर दुपारी प्रवास होता आणि मी रोजा धरून निघालो. अम्मीने अडवलं नाही, पण पिशवीत पाण्याची बाटली आणि गुळाचा खडा टाकला. म्हणाली, ‘‘सवलत अल्लाहने दी है, तू क्यूं लौटा रहा है?’’ बाटली मी पाचोऱ्यात फोडली. खोटं कशाला सांगू?

आता थोडं तरुण मुलांविषयी. आमच्या तरुणपणी डोंगरावर फिरायला जाणं हा प्रकार खान्देशात फारसा नव्हता; डोंगरावर देवाला जायचं किंवा गुरांमागे. आता रविवारी पोरं-पोरी ट्रेकला जातात. मनुदेवी, पाटणादेवी, पितळखोरा, लळिंगचा किल्ला, हिंमत असली तर साल्हेर. चांगली गोष्ट आहे, घरात मोबाइल घेऊन पडण्यापेक्षा कितीतरी चांगली. पण उन्हाळ्यातला सातपुडा त्यांना ठाऊक नसतो. सागाचं जंगल उन्हाळ्यात निष्पर्ण असतं. नकाशावर जंगल हिरवं दाखवलेलं असतं, प्रत्यक्षात सगळे खांब. सावली पडते ती फांदीच्या जाडीएवढी. नाले कोरडे. आणि आपला काळा खडक सकाळपासून ऊन पितो आणि दुपारनंतर ओकतो. वरून ऊन, खालून भट्टी. लळिंग धुळ्याच्या अगदी उशाला, महामार्गावरून दिसतो, म्हणून तर तो फसवा. अर्ध्या-पाऊण तासाचा तर डोंगर, असं म्हणत लोक चढतात.

माझी मुलगी कॉलेजात असताना मैत्रिणींसोबत एका एप्रिलमध्ये लळिंगला गेली. सहाला निघायचं ठरलं होतं. सगळ्या जमेपर्यंत, नाश्ता होईपर्यंत नऊ वाजले. पाचजणींत चार बाटल्या. उतरताना एकीला चक्कर आली, उलटी झाली. बाकीच्या हसत होत्या, पोहे बाधले म्हणून. माझ्या मुलीने तिला विचारलं, ‘‘आज वार कोणता?’’ ती म्हणाली, ‘‘रविवार, वेडे. हे काय विचारतेस?’’ मग मुलीचा जीव भांड्यात पडला. तिला खडकाच्या सावलीत निजवलं, ओढण्या भिजवून अंगावर घातल्या, उरलेलं पाणी घोट-घोट पाजलं आणि चार वाजेपर्यंत कोणालाही हलू दिलं नाही. घरी आल्यावर मी आधी रागावलो, मग विचारलं, की वार विचारायचं कोणी शिकवलं? म्हणाली, ‘‘टेलरचाचांनी.’’

परदेशातही हेच. २०२४ च्याच जूनमध्ये ग्रीसच्या बेटांवर भर दुपारी फिरायला निघालेले काही पर्यटक गेले. त्यात मायकल मोस्ली होते, ब्रिटनमध्ये टीव्हीवर आरोग्याचे कार्यक्रम करणारे, स्वतः डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेले. सिमी नावाच्या बेटावर एकटेच चालत निघाले आणि चार दिवसांनी सापडले. मृत्यूचं कारण नक्की ठरवता आलं नाही, पण उष्माघाताची शक्यता चौकशीत मानली गेली. लोकांना तब्येत कशी सांभाळावी हे सांगण्यात त्यांची उमर गेली होती. माहिती असणं आणि त्या वेळी सुचणं, यात अंतर आहे. डोकं तापल्यावर डोकंच चालत नाही, ही या आजाराची खरी लबाडी. म्हणून एकट्याने जायचं नाही.

काय खायचं-प्यायचं हे मी खान्देशी माणसाला सांगणं म्हणजे तापीला पाणी घालण्यासारखं. कैरीचं पन्हं, ताक, कांदा सगळ्यांना माहीत आहे. कांदा खिशात ठेवून ऊन लागत नाही, यावर माझा विश्वास नाही; पोटात गेलेला बरा. फक्त एक सांगतो, नुसतं साधं पाणी पिपाने प्यायल्यानेही माणूस आजारी पडतो, कारण घामातून मीठही गेलेलं असतं. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचे चहाचे आणि सपाट भरलेले. ही घरची जलसंजीवनी. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पायी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं. आणि वर्षभर गल्ल्यावर बसलेल्या माणसाने एकदम चैत्रात चाळीस किलोमीटर चालू नये. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

मागच्या बाजूने एक गोष्ट सांगायची राहिली. मी टेलरला त्या पंधरा मिनिटांचं कधी सांगितलं? बरीच वर्षं नाही. २०११ साली आखाजीच्या दिवशी सांगितलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घराघरांत पितरांसाठी मातीची घागर भरतात. त्याच्या घरी मी दरवर्षी जेवायला असतो. घागर भरताना त्याचा हात थरथरला, पाणी सांडलं, आणि मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, की मला कळलं होतं आणि मी गप्प राहिलो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याच्या त्या जड जिभेने म्हणाला, ‘‘शायर, उरुसात कव्वाली ऐकता-ऐकता तुला हाल आला असता आणि तू असाच तापलेला असतास, तर तुमच्या त्या गर्दीत मी बोललो असतो का?’’ मी म्हणालो, ‘‘माहीत नाही.’’ तो म्हणाला, ‘‘मालेबी माहीत नही. चाल, जेव.’’

मोहरम पुढे सरकत गेला. मार्चमध्ये आला, फेब्रुवारीत आला, थंडीत आला, आता तो फिरत-फिरत जून-जुलैपर्यंत आलाय. पण आमचं पाण्याचं टेबल चैत्रातच राहिलं. दरवर्षी रामनवमीच्या आधी दोन-तीन दिवस आम्ही रस्त्यावर मांडतो. जागा बदलावी लागली, कारण रस्ता रुंद झाला तेव्हा ज्या कडुनिंबाखाली आम्ही बसायचो तो गेला. आता हिरवी जाळी बांधून सावली करावी लागते. माठ आहेत, जलसंजीवनीची पाकिटं आहेत, बर्फाची एक पेटी आहे, भिजवायला जुन्या चादरी आहेत आणि गुरांना पाणी पाजायची एक मोठी प्लास्टिकची टाकी आहे, माणूस बसेल एवढी. टेबलावर बॅनर लावायचा की नाही यावर दोनदा वाद झाला. लावला नाही. लोक अजून सबीलच म्हणतात, देवीला जाणारेही.

पाणी आम्ही वाढतो. टेलर खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्याची चाल बघतो. पाय फाकवून चालणारा, झेंडा डोलवणारा, गप्प झालेला, उगाच भांडणारा असा कोणी दिसला, की त्याला जवळ बोलावतो. पेला देत नाही, आधी प्रश्न विचारतो. तुझं नाव काय, गाव कोणतं, आज वार कोणता, मागचं गाव कोणतं गेलं? पोरं हसतात, म्हणतात, काका, पाणी द्यायला परीक्षा घेता का? बहुतेक सगळे पास होतात.

गेल्या चैत्रात एक विशीतला मुलगा आला. झेंडा त्याच्याकडेच होता. टेलरने वार विचारला. त्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, ‘‘पौर्णिमा.’’ पौर्णिमेला अजून सहा दिवस होते. टेलर उठला, झेंडा स्वतःच्या थरथरत्या हातात घेतला आणि मला म्हणाला, ‘‘शायर, टाकी भर.’’

मी भरली. तासाभराने तो मुलगा टाकीच्या काठावर बसून केळं खात होता आणि चपला कुठे गेल्या म्हणून सगळ्यांना विचारत होता.